‘निरीक्षणाला घरी येऊ का?’

“मॅडम, पोरं चांगली आहेत, पण माझ्या लेकाकडे बघून नक्कल शिकणार म्हणजे कसंसंच वाटतं,” त्या आई म्हणाल्या. सोसायटीतली कॉलेजची मुलं स्पर्धेसाठी एकांकिका बसवत होती. मुख्य पात्र स्वमग्न (ऑटिस्टिक), म्हणून यांच्या सोळा वर्षांच्या स्वमग्न मुलाचं निरीक्षण करायला घरी येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. नाही म्हटलं तर शेजारी दुखावतील, ही धास्ती.

शेजाऱ्यांना नाही म्हणायचा आईला पूर्ण हक्क आहे आणि त्याचं कारणही द्यावं लागत नाही. पण मी आधी विचारलं, मुलाला काय वाटतं? तो कमी बोलतो, फोनवर टाइप करतो. कोण येणार, किती वेळ बसणार, हे सांगून विचारल्यावर त्यानं लिहिलं : “घरी नको. मी तालीम बघणार.”

तो तालमीला येण्याआधी मी त्या कॉलेजच्या मुलांना भेटले. नायक सतत हात फडफडवत होता, नजर जमिनीवर. “हात का हलवतोस?” “ते तसं करतात ना!” सगळी गाठ इथेच होती. हात आनंदानं हलतात, गोंगाट असह्य झाला की स्वतःला सावरायलाही हलतात. त्या प्रवेशात नेमकं काय घडतंय, हे नटाला माहीत हवं. नजर चुकवणारा ऐकत नसतो असं नाही. अनेकांना डोळ्यांत बघत ऐकणंच अवघड जातं. “पाणी हवंय का?” असं म्हणणारं मूल अनेकदा स्वतःसाठी पाणी मागत असतं, कारण पाणी मिळताना त्यानं तेच वाक्य ऐकलेलं असतं. संहितेतली चुटकीसरशी गणितं सोडवण्याची करामत काढा, असं मी आग्रहानं सांगितलं. बहुतेक स्वमग्न मुलांकडे अशी अचाट देणगी नसते, आणि नाटक बघून आलेले लोक मग घराघरांतल्या मुलांकडून तीच अपेक्षा धरतात.

तालमीच्या दिवशी संगीताचा आवाज कमी ठेवला, अंधार कधी होणार ते त्याला आधी सांगितलं, तिसरी घंटा वाजवलीच नाही. हेडफोन लावून तो दाराजवळ बसला, मधेच बाहेर गेला, परत आला. शेवटी त्यानं नायकाला फोन दाखवला : “एकटा असताना तो खूश असतो. रडका नको.” मुलांनी तो प्रवेश नव्यानं बसवला.

आईंनी एकच अट घातली होती, व्हिडिओ काढायचा नाही. असं कुणी विचारायला आलं, तर ही अट प्रत्येक पालकानं घालावी, असं मी सांगते.