‘बेडका निगेटिव्ह आलाय, मग टीबी नाही ना?’ : टीबी आणि एचआयव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टीबी आणि एचआयव्ही दोन्ही एकत्र असण्याबद्दल प्रश्न मागवले होते, बरीच पत्रं आली, त्यातली पाच घेतेय. मी स्वतः एचआयव्हीसोबत जगतेय, मला टीबी होऊन गेलाय आणि त्यानंतर बरीच वर्षं पेशंटच्या गटांमध्ये माहिती द्यायचं काम करतेय. मी डॉक्टर नाही, औषध बदलायचं किंवा बंद करायचं असेल तर डॉक्टरांशीच बोला. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी नक्की सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. मध्ये काही महिने त्याने एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, सोडलेली. आता तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरलंय, खोकला मात्र फारसा नाही. बेडका तपासला तो निगेटिव्ह आला, एक्सरे पण बरा आहे म्हणाले. मग टीबी नाही असं धरायचं ना?

नाही हो, असं धरून बसू नका, आणि थांबू पण नका, या आठवड्यातच परत जा.

मायक्रोस्कोपखाली बेडका बघतात तेव्हा एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असतील तरच ते नीट दिसतात. फुफ्फुसात टीबीचे खड्डे पडतात ते बऱ्याच अंशी आपलं शरीर जंतूंशी भांडत असतं म्हणून, आणि त्या खड्ड्यांतूनच ढीगभर जंतू बेडक्यात येतात. एचआयव्हीमुळे सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली गेलेला असेल तर हे भांडणच नीट होत नाही, खड्डे पडत नाहीत, बेडक्यात जंतू कमी येतात आणि एक्सरे पण साफ दिसू शकतो. म्हणजे प्रतिकारशक्ती जितकी कमी तितका टीबी जास्त लपून बसतो. शिवाय तो फुफ्फुसातच असेल असंही नाही, मानेच्या गाठीत, पोटात, छातीच्या पाण्यात, मेंदूच्या आवरणात कुठेही असू शकतो.

माझं हेच झालेलं. बेडका दोनदा निगेटिव्ह, खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवलं. एआरटीच्या खोलीत मला सीडी फोर विचारायचे आणि टीबीच्या खोलीत खोकला विचारायचे, ताप आणि घामाबद्दल दोन्हीकडे कोणी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम यायचा, मला वाटायचं अशक्तपणा असेल. शेवटी मानेला गाठ आली, त्यात सुई घालून पाणी काढलं तेव्हा निदान झालं. तोपर्यंत दोन महिने गेलेले. त्या दोन महिन्यांचा राग मला अजून येतो.

तर भावासाठी हे करा. एक, जंतूंचा डीएनए शोधणारी मॉलिक्युलर टेस्ट करून द्या असं सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये जी ‘एक्सपर्ट’ नावाची टेस्ट वापरायला सांगितली ती हीच, साधारण दोन तासांत रिझल्ट देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही त्याच वेळी कळतं. दोन, लघवीची लॅम टेस्ट विचारा. ती एचआयव्ही असलेल्यांसाठीच आहे, खास करून जे फार आजारी आहेत किंवा ज्यांचा सीडी फोर कमी आहे त्यांच्यासाठी, पट्टीवर लघवीचे थेंब टाकायचे आणि २५ मिनिटांत वाचायची. ती निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं होत नाही, पण पॉझिटिव्ह आली तर उपचार लगेच सुरू करता येतात. तीन, मानेत, काखेत गाठी आहेत का ते हात लावून बघायला सांगा.

आणि बेडका परत द्यायचा असेल तर तो कसा द्यायचा ते भावाला आधी समजावून सांगा, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी डबीत नुसती थुंकी देऊन आलेले. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन थोडा रोखायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. जे येईल ते घट्ट, चिकट असलं पाहिजे, फेसाळ पाण्यासारखं असेल तर ती तोंडातली थुंकी आहे, परत प्रयत्न करायचा. हे उघड्या हवेत, लोकांपासून लांब उभं राहून करायचं, बंद बाथरूममध्ये नाही. डबीचं झाकण घट्ट लावायचं.

ज्याला एचआयव्ही आहे त्याला प्रत्येक व्हिजिटला चार गोष्टी विचारल्या गेल्या पाहिजेत : खोकला, ताप, वजन कमी होणं, रात्रीचा घाम. एरवी दोन आठवड्यांचा खोकला म्हणतात, पण एचआयव्ही असेल तर कालपासूनचा खोकला असला तरी तो धरायचा. या चारपैकी एक जरी असेल तर तपासणी. कोणी विचारलं नाही तर भावाने स्वतःहून सांगायचं.

प्रश्न : मला टीबी निघाला आणि लगेच एचआयव्ही टेस्ट करा म्हणाले. माझ्याबद्दल काय समजले असतील ते? नाही म्हटलं तर चालेल का?

ताई, तुमच्याकडे बघून कोणी काही ठरवलं म्हणून ही टेस्ट सांगत नाहीत, टीबी निघालेल्या प्रत्येकाला सांगायची असा नियमच आहे. तुमची संमती घेऊनच करतात, नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि नाही म्हटलं म्हणून टीबीचे उपचार कोणी अडवू शकत नाही. तरी मी मनापासून सांगेन की करून घ्या. एचआयव्ही असेल आणि माहीतच नसेल तर टीबीच्या गोळ्या नीट घेऊनसुद्धा जीव धोक्यात राहतो, आणि कळलं तर त्यावर चांगलं औषध आहे. रिझल्ट कोणाला सांगायचा ते तुमच्या हातात आहे, टेस्टच्या आधी काउन्सेलरला तेवढं स्पष्ट विचारून घ्या.

प्रश्न : टीबीच्या गोळ्या चालू होत्या, मग दोन आठवड्यांनी एआरटी सुरू केली. महिन्याभरात परत ताप आणि मानेच्या गाठी आधीपेक्षा मोठ्या. मला वाटतं दोन्ही औषधं एकमेकांना सोसत नाहीत, म्हणून मी चार दिवस एआरटी बंद ठेवलीय. बरोबर केलं ना?

दादा, घाबरलात ते मी समजू शकते, पण आजच डॉक्टरांकडे जा आणि चार दिवस बंद आहे हे लपवू नका.

एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होते आणि आतापर्यंत जे जंतू, मेलेले-जिवंत, शरीराला दिसतच नव्हते त्यांच्यावर ती एकदम तुटून पडते, त्यात सूज येते, ताप येतो, गाठी वाढतात. याला आयरिस म्हणतात. दिसायला आजार वाढल्यासारखं दिसतं पण बऱ्याचदा ती शरीर परत कामाला लागल्याची खूण असते. बहुतेक वेळा दोन्ही औषधं चालूच ठेवतात, सूज जास्त असेल तर डॉक्टर काही दिवस स्टिरॉइड देतात. मात्र तो आयरिसच आहे की टीबीचं औषध लागू पडत नाहीये की तिसरंच काही आहे, हे तपासूनच ठरवावं लागतं. डोकं फार दुखणं, मान आखडणं, दम लागणं यातलं काही असेल तर रात्र काढू नका.

दोन आठवड्यांनी एआरटी सुरू केली ते योग्यच होतं. पूर्वी आधी टीबी संपवा मग बघू असं चालायचं आणि त्यात माणसं जायची. आता सीडी फोर कितीही असो, टीबीचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करा असं सांगतात, फक्त मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर ४ ते ८ आठवडे थांबतात.

औषधं एकमेकांत लुडबुड करतात हे मात्र तुमचं खरं आहे. रिफाम्पिसिनमुळे लिव्हर काही औषधं भराभर संपवून टाकतं. एआरटीतलं डोल्युटेग्रॅव्हिर त्यातलंच एक, म्हणून टीबीचे उपचार चालू असताना ते ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यायचं असतं. तुमची एआरटी कुठली आहे ते चिठ्ठीवर बघा आणि विचारा की माझा दुसरा डोस लिहिलाय का. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही रिफाम्पिसिनने कमी होतो, हे बायकांना क्वचितच कोणी सांगतं. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या रंगाने, रक्त नव्हे ते, काळजी नको.

प्रश्न : आम्ही सातआठ जण मिळून वस्तीत टीबी-एचआयव्हीबद्दल माहिती द्यायचं ठरवलं. पोस्टर लावले, लोक जमतात पण मान खाली घालून बसतात आणि एकही प्रश्न येत नाही. आमचं काय चुकतंय?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. पोस्टरचा फोटो पाठवलात तो बघितला, त्यावर हाडं दिसणारा माणूस आहे आणि खाली ‘सावध व्हा’. ते पोस्टर काढा. समोर बसलेल्यांत ज्याला आजार आहे त्याला वाटतं की हे माझंच चित्र, आणि ज्याला नाही त्याला वाटतं की हे माझं नाहीच, मग प्रश्न विचारणार कोण?

हे शिकवायला मोठी माणसं होऊन गेलीत. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स असलेल्या लोकांनी एकत्र येऊन सांगितलं की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि आमच्याबद्दल निर्णय होतात तिथे आम्हाला बसवा. दक्षिण आफ्रिकेत १० डिसेंबर १९९८ ला ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही एचआयव्हीची औषधं सगळ्यांना मिळावीत म्हणूनची चळवळ सुरू झाली, त्यांनी ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं ठळक लिहिलेले टीशर्ट काढले, ज्यांना एचआयव्ही होता त्यांनी घातले आणि ज्यांना नव्हता त्यांनीही, त्यामुळे कोण कुठला हे ओळखताच येईना. २००२ मध्ये नेल्सन मंडेलांनी तो टीशर्ट घातला. या लोकांनी नुसते मोर्चे नाही काढले, साध्या माणसांना व्हायरस कसा वाढतो, गोळी कुठे अडवते, रिपोर्ट कसा वाचायचा हे शिकवलं, त्याला ते ट्रीटमेंट लिटरसी म्हणायचे. ज्याला आपली गोळी समजते तो सरकारसमोर उभा राहून बोलू शकतो.

मंडेलांना स्वतःला १९८८ मध्ये तुरुंगात असताना टीबी झालेला. २००४ च्या जुलैत बँकॉकच्या एड्स परिषदेत त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि टीबीकडे लक्ष दिल्याशिवाय एड्सशी लढता येणार नाही असं बजावलं. पुढच्या जानेवारीत त्यांचा मुलगा गेला, तेव्हा तो एड्सने गेला हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. घरातलं दुःख असं उघड सांगायला काय लागलं असेल, याचा मी अजून विचार करते.

हे आकडे पण लोकांना सांगा, पण घाबरवायला नको. २०२३ मध्ये जगात साधारण १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख गेले, त्यातल्या सुमारे १ लाख ६१ हजार जणांना एचआयव्ही होता. आणि लगेच सांगा की साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, एचआयव्ही असला तरी होतो.

पुढच्या वेळी लोकांना गोल बसवा, आठदहाच जण असू देत, आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव न लिहिता प्रश्न लिहायचा, सगळ्यांनी लिहायचा, काही नसेल तर नुसतं ‘काही नाही’ लिहायचं म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. माझ्या पहिल्या अशा बैठकीत एका चिठ्ठीवर एवढंच होतं, ‘मी बाळाला जवळ घेऊ का’. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. आणि गोळ्या सुटलेल्या माणसाला ‘डिफॉल्टर’ म्हणू नका, ज्याची तपासणी व्हायचीय त्याला ‘संशयित’ म्हणू नका, त्याने काही गुन्हा केलेला नाही. गोळ्या का सुटल्या ते विचारा, उत्तर बहुतेक वेळा उलटी, कामाची वेळ किंवा कोणीतरी बघेल ही भीती असं निघतं आणि यातलं बरंच काही सोडवता येतं.

प्रश्न : मिस्टरांना फुफ्फुसाचा टीबी आहे, मला एचआयव्ही आहे. भांडी, अंथरूण वेगळं करू का? मला गोळ्या सुरू करायला सांगतायत पण मला तर काहीच होत नाहीये.

भांडी वेगळी करायची काही गरज नाही, टीबी भांड्यांतून, कपड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, त्यांनी खोकताना तोंड झाकायचं आणि सुरुवातीचे काही आठवडे शक्य असेल तर हवेशीर जागी वेगळं झोपायचं. लागू पडणारं औषध सुरू झालं की संसर्ग भराभर कमी होतो.

तुम्हाला सांगितलेल्या गोळ्या टीबी होऊ नये म्हणून आहेत आणि त्या जरूर घ्या. टीबीचे जंतू शरीरात झोपलेले असलेल्या साध्या माणसांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यभरात कधीतरी आजार होतो, एचआयव्ही असेल तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. एआरटी नियमित घेतल्याने तो बराच उतरतो, या गोळ्यांनी अजून उतरतो. सुरू करण्याआधी त्या चार गोष्टी विचारून, लागलं तर तपासून, तुम्हाला आत्ता टीबी नाही ना हे बघितलं पाहिजे, कारण आजार असताना हे एकदोन औषधांवर भागवलं तर जंतू औषधाला जुमानेनासे होतात. कुठे सहा महिने रोज आयसोनियाझिड देतात, कुठे तीन महिने आठवड्यातून एकदा असे १२ डोस, तुमच्या एआरटीला कुठलं चालेल ते डॉक्टर सांगतील. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी सिक्सची गोळी असते, ती चिठ्ठीवर नसेल तर मागा. आणि डोळे पिवळे दिसले किंवा सारखी मळमळ होऊन जेवणच जाईनासं झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दाखवा.