मांजरपाट, लठ्ठा, खादी, मलमल: वीण एकच, मग नावं इतकी काऊन?

यवतमाळकडच्या एका ताईंनी विचारलं की सासूबाई ज्याला मांजरपाट म्हणतात त्यालाच दुकानदार खादी म्हणतो अन् शिंपी लठ्ठा, तर हे एकच कापड हाय का, अन् मलमल, पॉपलीन त्याच्याहून वेगळे कसे?

ताई, वीण पाहाल तर सगळ्यांची एकच, साधी. आडवा धागा म्हणजे बाणा, तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून, पुढच्या ओळीत उलटं, नवारीची बाज विणतात तसं. जीन्स, ड्रिलवर तिरप्या रेघा दिसतात, ती वीणच निराळी, ते सोडा. साध्या विणीत फरक पडतो तो धागा किती बारीक, किती दाट बसवला, पीळ किती दिला, अन् मागावरून उतरल्यावर कापडाचं काय केलं यानं.

मांजरपाट म्हणजे जाडसर धाग्याचं, कोरं, ब्लीच न केलेलं सुती कापड. उजेडात धरून पाहा, रंग पिवळट असतो अन् मधेमधे बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ते सरकीच्या टरफलाचे कण, ब्लीच केलं की जातात. नवं असताना कडक लागतं कारण विणण्याआधी ताण्याला खळ दिलेली असते, ती धुण्यात निघते अन् कापड मऊ होतं, आटतंही, म्हणून बंडी शिवायची तर आधी रात्रभर भिजत घाला. जुने लोक मादरपाटही म्हणतात, त्यामुळे मांजराशी नातं जोडू नका. लठ्ठा त्याहून दाट, गुळगुळीत, बहुतेक पांढरा करून येतो, पायजाम्याचा.

खादीचं मात्र दुकानदाराचं चुकतं, अन् हे मला खटकते. खादी हे पोताचं नाव नाहीच, सूत हातानं कातलेलं अन् कापड हातमागावर विणलेलं असलं तरच ती खादी, मिलचं सूत हातमागावर विणलं तरी ते हातमागाचं कापड, खादी नव्हे. जाडंभरडं दिसलं की खादी म्हणायची सवय आपल्या भागात पक्की हाय, गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहिले, वर्धा जिल्ह्यात तर हा शब्द घरोघरी गेला. पण बारीक सुताची खादीची मलमलही असते, मग जाडपणावरून ओळखणार कसं?

मलमल म्हणजे बारीक सूत, विरळ वीण. सुताचा नंबर असा ठरतो की 840 यार्डाची एक लड धरायची अन् एका पौंडात अशा किती लडी बसतात ते मोजायचं, 20 नंबर म्हणजे पौंडाला 16,800 यार्ड धागा, 80 नंबर म्हणजे 67,200. नंबर वाढला की धागा बारीक. मांजरपाट खालच्या नंबरात, मलमल वरच्या. बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो, आपल्या गावरानी कापसाचा धागा आखूड, त्याचं जाड सूतच चांगलं निघतं. वॉइलही मलमलीसारखं पातळ, पण त्याच्या धाग्याला पीळ जास्त, म्हणून हाताला जरा खरखरीत लागतं अन् अंगावर सुळसुळीत पडतं.

पॉपलीनमधे ताणा बाण्यापेक्षा बराच दाट असतो, म्हणून कापडावर आडव्या बारीक उभारी येतात, नख फिरवलं की कळते. परकराला हेच घेतात. केंब्रिक दाबून, इस्त्रीसारखं गुळगुळीत केलेलं, एका बाजूनं जरा चमकतं. अन् ब्लाउजचं ते टू बाय टू, त्यात ताणा अन् बाणा दोन्हीकडे दोन-दोन पदरी पीळ दिलेला धागा असतो, नाव त्यावरूनच पडलं, कापडाच्या पन्ह्याशी त्याचा संबंध नाही.

सासूबाईंचाच शब्द बरोबर हाय, ताई. दुकानात कोरं मांजरपाट मागा, पूर्ण सुती म्हणून सांगा, अन् ठिपके पाहूनच घ्या.