नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी ‘सेंद्रिय’ या शब्दाचा विचार करा

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी जाऊबाईंसोबत मी पुण्यात कोथरूडला खाद्यपदार्थांचे छोटे दुकान सुरू केले. गूळ, काकवी, हळदपूड आणि डाळी आम्ही स्वतः शेत पाहून, शेतकऱ्यांना रास्त भाव देऊन आणतो. लेबलवर ‘सेंद्रिय’ लिहिल्यामुळे अन्न व औषध प्रशासनाची चौदा दिवसांची सुधारणा नोटीस आली आहे. प्रमाणपत्र नाही, पण आम्ही फसवणूकही केलेली नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, परंतु या प्रकरणात तो वादाचा मुद्दाच नाही. सेंद्रिय अन्नाविषयीच्या 2017 च्या विनियमांनुसार हा शब्द लेबलवर वापरायचा, तर मालाला एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम; यात त्रयस्थ संस्था तपासणी करते) किंवा पीजीएस-इंडिया (यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो) यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण लागते. शेतकऱ्याने किंवा उत्पादक संस्थेने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकल्यास सूट आहे, आणि बहुधा तिच्याच ऐकीव माहितीवर आपण विसंबलात; मात्र आपण माल विकत घेऊन पुन्हा विकता, त्यामुळे ती सूट आपल्याला मिळत नाही, आणि गूळ, काकवी, हळदपूड अशा प्रक्रिया केलेल्या मालाला तर ती मुळातच लागू नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 32 खाली अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते. त्याची मुदत पंधरा दिवस किंवा नोटिशीतील मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती, म्हणजे आपल्या बाबतीत चौदाच दिवस. तरीही अपिलात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नोटीस पाळली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. शिवाय चुकीच्या लेबलसाठी कलम 52 खाली तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम 53 खाली दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून आजच तो शब्द लेबल, फलक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील यादी या सर्व ठिकाणांहून काढावा. त्याजागी ‘नैसर्गिक’ किंवा ‘शुद्ध’ लिहिण्याचा मोह टाळावा, कारण पर्यावरणविषयक दाव्यांबाबत ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे शब्दही पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. जे सिद्ध करता येते तेच लिहावे : गूळ कोणत्या तालुक्यातील गुऱ्हाळाचा, कोणत्या महिन्यात तयार झालेला, शेतकऱ्याला किलोमागे किती रुपये दिले. आपल्या दुकानाचे खरे वेगळेपण याच तपशिलात आहे, असे मला मनापासून वाटते. यासाठी प्रत्येक खरेदीची पावती व बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद जपावी, आणि शेतकऱ्याचे नाव छापायचे असल्यास त्याची लेखी संमती घ्यावी.

आपले किमान पाच शेतकरी एका परिसरातील असतील, तर त्यांना पीजीएस गट स्थापन करता येईल. मात्र प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तो शब्द वापरू नये. केलेल्या बदलांची छायाचित्रे जोडून मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का व तारीख घ्यावी.