व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त ३२ बिट दिसतं, दुकानवाला नवा लॅपटॉप घ्या म्हणतो. कोणता घेऊ?

प्रश्न दोनदा वाचला भाऊ. तू धुळ्याचा, बीसीए दुसरं वर्ष, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उबुंटू लिनक्स टाकायला गेलास तर यादीत सगळं ३२ बिटच दिसतं आणि हल्लीचं उबुंटू तर ६४ बिटचं, तसंच पुढे रेटलं तर कधी एरर कधी काळी स्क्रीन, आणि दुकानवाल्याने लॅपटॉप पाच मिनिटं हातात धरून सांगितलं की जुना झालाय, याच्यात हे चालत नाही, नवा घ्या. आता तू विचारतोस की चाळीस हजारात कोणता घेऊ.

कोणताच घेऊ नको. निदान या कारणासाठी तर नकोच.

मी एवढ्या जोरात का म्हणतोय, कारण "जुनं झालंय, चालत नाही" हे वाक्य मी एका लॅपटॉपसाठी नाही, ३० मशीनसाठी ऐकलंय. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. २०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. जूनपासून पोरांना लिनक्सची प्रॅक्टिकल्स होती आणि लॅबमधली सगळी मशीन विंडोज १० वर, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. डुअल बूट, म्हणजे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी, नको हे माझं आधीपासूनचं मत, कारण एका वर्षी एका पोराने पार्टिशन करताना अख्खी डिस्कच उडवली होती, त्यात दुसऱ्या बॅचचे प्रोजेक्ट गेले. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स ६.१ टाकला. आणि तुझ्यासारखंच झालं, यादीत ६४ बिटचं नावच नाही. ६.१ पासून प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनशिवाय, म्हणजे असा आतला कॉम्प्युटर चालवायच्या सोयीशिवाय, तो मशीन चालवतच नाही, त्यामुळे स्टार्ट दाबलं की लगेच लाल खुणेची एरर.

सरांनी सप्लायरला फोन लावला. त्याचा पोरगा आला, स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला, दोन मशीन चालू-बंद केल्या आणि गेला. तिसऱ्या दिवशी कोटेशन आलं, बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदला, सव्वातीन लाखाच्या वर. कारण काय लिहिलं होतं, तर "प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट करत नाही". सरांनी ते प्राचार्यांकडे पाठवायची तयारीसुद्धा केली.

त्या दुपारी मी लॅबमध्ये बसून होतो, आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री म्हणजे रोजचंच, एसी बंद पडलेला. शिपाई मामा डबा घेऊन आले, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आम्ही एकाच टेबलावर जेवायचो. त्यांना सगळं सांगितलं. मामा अमळनेरकडचे, अहिराणीच बोलतात. म्हणाले, "आरे पण त्या पोऱ्यानी वाचं का ते? नुसता फोटू काढीसन चालना गया. तू वाच ना भो."

आणि खरंच, मीही वाचलं नव्हतं. एरर दिसली की आपण ओके दाबतो. मग नीट वाचलं, शब्द असे होते: "व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस फॉर ऑल सीपीयू मोड्स". व्हीटी-एक्स म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय, बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग, आणि डिसेबल्ड म्हणजे बंद केलेलं. सपोर्ट नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयू, खाली व्हर्च्युअलायझेशनसमोर तेच, डिसेबल्ड. इंटेलने व्हीटी-एक्स २००५ सालीच आणलं, एएमडीने स्वतःची तशीच सोय त्याच्या पुढच्या वर्षी. आमचा आय-३ तर २०१३-१४ चा. मशीनमध्ये वस्तू होती, फक्त तिचं बटण बंद होतं.

बरं, बायोसमध्ये जाऊन चालू करायचं म्हटलं तर तिथे पासवर्ड. कोणी टाकला? सप्लायरने, मशीन बसवताना, आणि कॉलेजला सांगितलाच नाही. फोन केला तर म्हणाला की पासवर्ड देता येत नाही, वॉरंटीचा प्रश्न येतो. वॉरंटी २०१८ लाच संपलेली, बिल माझ्या फाइलमध्ये आहे. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू असिस्टंट आहेस, बायोसला हात लावणं तुझं काम नाही."

तरी मी प्राचार्यांची लेखी परवानगी काढली. त्या बोर्डचं मॅन्युअल नेटवर फुकट मिळालं, त्यात पासवर्डचा जंपर, म्हणजे बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी, चित्रासकट दाखवलेला. मी आणि मामा चार दिवस कॅबिनेट उघडत होतो. पॉवर केबल काढायची, झाकण उघडायचं, जंपरची ती हिरवी टोपी चिमट्याने काढायची, एकदा चालू करायचं म्हणजे पासवर्ड उडतो, परत बंद करून टोपी होती तशी लावायची. आत काय काय निघालं, पंख्यावर धुळीची गादी झालेली, एका कॅबिनेटमध्ये पालीची अंडी, पाच-सहा मशीनमध्ये बोर्डवरचा सेल मेलेला म्हणून तारीख प्रत्येक वेळी मागे जायची आणि त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची बोंब मारायचा, पोरं वर्षभर तक्रार करत होती आणि आम्ही नेटवाल्याला शिव्या देत होतो. सेल बदलले. मामा ब्लोअर धरायचे, दुपारी लाइट गेली की ओट्यावर बसायचं, आली की परत सुरू.

व्हर्च्युअलायझेशन चालू केल्यावर नुसतं रिस्टार्ट करून पहिल्या मशीनवर काहीच बदललं नाही, मला वाटलं झालं, तो पोरगाच खरा. मग मशीन पूर्ण बंद करून भिंतीवरचा स्विचही बंद केला, थोडं थांबून चालू केलं. यादी उघडली, उबुंटू ६४ बिट. मी मामांना हाक मारून दाखवलं, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं पण ते खूप वेळ बघत उभे राहिले.

पुढचंही सांगतो. ४ जीबी रॅममधले २ जीबी दिले तर उबुंटूचा डेस्कटॉप रांगायला लागला, म्हणून उबुंटूचाच हलका भाऊ लुबुंटू २२.०४ टाकलं, ते नीट पळालं. एका मशीनवर सगळं तयार केलं, त्याची ओव्हीए फाइल, म्हणजे अख्ख्या सेटअपची एक कॉपी, काढली आणि २९ मशीनवर इम्पोर्ट केली, फक्त इम्पोर्ट करताना मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची मशीनची ओळख, नवीन घ्यायला सांगायचं, नाहीतर एकाच नेटवर्कवर सगळे एकाच नावाने ओरडतात. एका मशीनवर मात्र खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसायचं आणि चालही कासवाचीच. एका पोराने डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालू करून ठेवलेली, म्हणजे विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, हायपर-व्ही, मधे बसलेलं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नव्हता. ते फीचर काढलं, कासव गेलं.

कोटेशन रद्द झालं. सव्वातीन लाख वाचले, खर्च सेलचा आणि ब्लोअरच्या भाड्याचा. आणि जूनच्या मीटिंगमध्ये सर काय बोलले, "सप्लायरकडून सेटिंग करून घेतली, लॅब तयार आहे." मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तेव्हा काही बोललो नाही, आज बोलतो. सर, सेटिंग आम्ही केली, मी आणि मामांनी. आणि बायोस हे असिस्टंटचंच काम आहे, जो माणूस रोज त्या मशीनसमोर असतो त्याचंच. मशीन ज्याने विकत घेतलं पासवर्डही त्याचाच, विकणाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवायचा म्हणजे घर विकून किल्ली खिशात ठेवण्यासारखं आहे. अमळनेरला १९४५ साली तेलाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली हे आम्ही प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो, मग आपल्याच पोरांना आणि आपल्याच असिस्टंटला स्क्रीनवरची एक ओळ वाचू द्यायला काय हरकत आहे?

असो, तुझ्याकडे येतो. टास्क मॅनेजर बघ. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जा, इंटेल असेल तर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा व्हीटी-एक्स शोध, एएमडी असेल तर बहुतेक एसव्हीएम मोड या नावाने सापडेल, चालू करून सेव्ह कर आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून उघड. तिथे एनेबल्ड असूनही ३२ बिटच दिसत असेल तर हायपर-व्हीचा घोळ, विंडोज फीचर्समध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म हे तिन्ही बघ, आणि सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटीसुद्धा.

आयएसओ, म्हणजे उबुंटूची इन्स्टॉल फाइल, मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणली असशील तर आधी तीच तपास. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही आणि उबुंटू २४.०४ ची त्याहून मोठी आहे, मग कोणीतरी अर्धवट फाइल हातात देतो. फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा लांबलचक कोड, काढून साइटवरच्याशी जुळव. काळ्या स्क्रीनला व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए आणि थ्रीडी बंद, एवढं करून बघ, बाकी कारणं वेगळी असू शकतात, स्क्रीन न बघता सांगता येणार नाही. इन्स्टॉल झाल्यावर आयएसओ काढ, नाहीतर परत इन्स्टॉलरच उघडेल आणि तू म्हणशील झालंच नाही. आणि व्हर्च्युअलबॉक्स ७ घेतलास तर सुरुवातीलाच अनअटेंडेड, म्हणजे आपोआप होणारं इन्स्टॉल, नको असं निवड, नाहीतर तो स्वतःच व्हीबॉक्सयूजर नावाचा यूजर करतो, पासवर्ड चेंजमी, आणि मग सुडो, म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून कमांड द्यायची सोय, चालत नाही म्हणून पोरं रडतात.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. जंपरचं मी सांगितलं ते डेस्कटॉपचं, लॅपटॉप उघडून तसलं काही करू नको, बऱ्याच लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढूनही जात नाही. कॉलेजचं मशीन असेल तर परवानगीशिवाय हात लावू नको. मेमरी इंटिग्रिटी बंद केली की विंडोजची एक सुरक्षा कमी होते, म्हणून काम झालं की परत चालू कर. तुझी रॅम ४ जीबी असेल तर दुकानवाला अर्धा बरोबर आहे, उबुंटू २४.०४ डेस्कटॉप स्वतःच ४ जीबी मागतं, पण त्यावर उपाय रॅम वाढवणं, सोबत एसएसडी, नवा लॅपटॉप नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे तो सांगेल आणि ते खरं आहे, पण मग त्याच लॅपटॉपवर सरळ लिनक्स टाकता येतं, तुला तेच शिकायचंय ना. हे सगळं करूनही नाहीच झालं तर चाळीस हजाराचं पुन्हा बोलू.

आणि दुकानात जाशील तेव्हा एक विचार, बायोसला पासवर्ड टाकलाय का. टाकला असेल तर तिथेच उभं राहून काढून घे, मगच लॅपटॉप घरी आण.