नजर चुकवून निघणारी आई

"मॅडम, एकच विचारायचंय. बाळाला सांभाळणाऱ्या मावशींनाच तो आई समजायला लागला तर?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. मी समुपदेशक; हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारी कधी डॉक्टर असते, कधी बँकेतली अधिकारी, कधी प्राध्यापक. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, धास्ती तीच. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदललेत आणि नावं गाळलीत.)

ही सीए. नाशिकमध्ये स्वतःचं ऑफिस, हाताखाली दोन आर्टिकल्स (शिकाऊ सीए) आणि एक अकाउंटंट. मुलगा ९ महिन्यांचा. कंपनीत नोकरी करणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीला बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने तेवढी मिळते. पण स्वतःचं ऑफिस चालवणारीला रजा कोण देणार? "सव्वा महिना झाला आणि लॅपटॉप उघडला," ती म्हणाली. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ आणि २० ला जीएसटी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे टॅक्स ऑडिटची मुदत, ३० सप्टेंबर. ती माझ्याकडे आली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. झोप न झालेले डोळे लपत नव्हते.

मी आधी एडिंबरो प्रश्नावली भरून घेतली. १० प्रश्नांची असते, गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का याचा अंदाज देते. बाळ वर्षाचं व्हायला आलं की आईला हे विचारायचं सगळेच विसरतात, म्हणून मी विसरत नाही. तिचे गुण ८ आले. तेवढ्यावरून नैराश्य म्हणता येत नव्हतं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, या शेवटच्या प्रश्नालाही स्पष्ट 'नाही' होतं. ती थकली होती आणि तिला अपराधी वाटत होतं. (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते.)

मग मी एक चूक केली. रोज एक तास फक्त बाळासाठी ठेवा, फोन लांब ठेवा, असा पाठ केलेला सल्ला दिला. पुढच्या वेळी ती एक्सेल शीट घेऊन आली. तारीख, वेळ, 'खेळ', 'गाणं', 'डोळ्यांत बघणं : १० मि.' असे रकाने. न जमलेल्या दिवसांना लाल रंग. १२ दिवसांत ९ लाल. मला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. जिच्या डोक्यावर आधीच शंभर मुदती, तिला मी आणखी एक मुदत देऊन पाठवलं होतं.

शीट बाजूला ठेवली आणि म्हटलं, "काल संध्याकाळी घरी पोचलात तिथपासून सांगा. काहीच गाळू नका."

"सव्वाआठ झाले होते. दार मावशींनीच उघडलं. त्या चप्पल घालून तयारच असतात, उशीर झाला की पंचवटीकडची शेअर रिक्षा मिळत नाही. बाळ त्यांच्या कडेवर. माझा क्लायंटशी फोन चालू होता, म्हणून इअरफोन तसाच कानात. पर्स टेकवली, हात पुढे केले. त्याने मान फिरवली. मावशींच्या खांद्यात तोंड खुपसलं." इथे ती थांबली. "मी ओढून घेतला त्याला. किंचाळला. मावशी म्हणाल्या, 'अरे राजा, मम्मी आली ना!' आणि गेल्या."

"सगळं मिळून किती वेळ?"

तिने मनात हिशोब केला. "दीड मिनिट. फार तर दोन."

सव्वाआठला ९ महिन्यांचं पोर झोपेने पेंगुळलेलं असतं. दिवसभर ज्या कडेवर होतं ती कड दीड मिनिटात निघून जाणार, आणि जी आली ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय. त्याच्या जागी मीही तोंड खुपसलं असतं. मग सकाळचं विचारलं.

"सकाळी काही नाही हो. मावशी त्याला बाल्कनीत कबुतरं दाखवतात आणि मी चप्पल हातात घेऊन हळूच सटकते. नाहीतर फार रडतो."

चप्पल हातात घेऊन. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं आणि चांगल्या हेतूनेच चालतं. पण ८-९ महिन्यांच्या आसपास मुलाला नुकतं कळू लागलेलं असतं की आई डोळ्यांआड झाली तरी ती कुठेतरी असतेच. म्हणूनच या वयात तिच्या जाण्याचा त्रास वाढतो. अशा वेळी ती काही न सांगता नाहीशी झाली की ती कधीही नाहीशी होऊ शकते, एवढंच त्याच्या हाती लागतं. मग जो नाहीसा होत नाही त्याला ते धरून ठेवतं. त्या घरात नाहीशा न होणाऱ्या होत्या मावशी. आईच्या प्रेमात काहीच कमी नव्हतं. येण्याजाण्याची घडी तेवढी विस्कटली होती.

तिसऱ्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. सातपूर एमआयडीसीत पहिली पाळी, ७ ते साडेतीन. चारला घरी.

"चारला?" मी पुन्हा विचारलं. "मग मावशी सव्वाआठपर्यंत कशाला थांबतात?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मूल झालं तेव्हापासून हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. तो म्हणाला, "मी मदत करतो की. दूध-भाज्या आणतो, लस द्यायलाही मीच नेतो." खरं होतं ते. लस कधी आहे हे मात्र ती सांगायची. बाळाला ताप आला तर मावशी फोन कुणाला करतात, असं विचारलं. तिलाच. घरापासून १० मिनिटांवर असलेला बाप सोडून पाऊण तासावर क्लायंटकडे बसलेल्या आईला, कारण मावशींच्या मोबाईलमध्ये तिचाच नंबर होता. नवऱ्याने तिथल्या तिथे मावशींना फोन लावून आपला नंबर सेव्ह करायला सांगितला. समुपदेशनात इतकी सोपी कामं क्वचितच मिळतात.

ठरलं ते एवढंच. मावशी साडेसहाला निघतील, पगार तोच. त्यानंतर बाळ बाबाकडे. आईने घरी आल्यावर हातपाय धुवायचे, इअरफोन पर्समध्ये टाकायचा आणि जमिनीवर बसायचं. हात पुढे करायचे नाहीत, बाळ आपणहून येईल तेव्हा येईल. सकाळी दारात उभं राहून रोज त्याच शब्दांत 'आई ऑफिसला जाते, संध्याकाळी येते' म्हणायचं, रडलं तरी म्हणायचं आणि मिनिटभरात निघायचं. दारातच घुटमळत राहिलं तर रडं वाढतं.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी बाळ इतकं रडायचं की मावशी तिच्यावर नाराज. "लेकराला मुद्दाम रडवता होय?" संध्याकाळी बापाकडेही अर्धाअर्धा तास रडारड. त्याने बायकोला दोनदा फोन लावला आणि आधीच ठरल्याप्रमाणे तिने तो उचलला नाही. मला सांगताना म्हणाली, "मॅडम, तो फोन न उचलणं मला ३० सप्टेंबरपेक्षा जड गेलं." त्या वाक्यावर आम्ही एक अख्खी भेट बोललो. मुलाला दुसऱ्या कुणाकडे शांत होऊ देणं तिलाच नको होतं. मावशी नको आणि बापही नको. हे तिचं तिनेच ओळखलं.

तेव्हा मी तिला ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास सांगितला. १९६४ साली प्रसिद्ध झालेला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक मुलांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडला होता. आणि तो जडला ते केवळ जास्त वेळ जवळ असणाऱ्यांवर नाही, हाकेला ओ देणाऱ्यांवर. तिने ऐकून घेतलं, पण पटल्याचं दिसलं नाही.

पटलं ते सासूबाईंमुळे, तेही फोनवर. सासरी निफाडकडे द्राक्षबाग, फळांसाठीच्या गोडी छाटणीचे दिवस, त्यामुळे सासूबाईंना यायला सवड नव्हती. हिने धीर करून तोच पहिला प्रश्न त्यांना विचारला. त्या हसायलाच लागल्या. "अगं, तुझा नवरा चार वर्षांचा होईस्तोवर माझ्या थोरल्या जावेला आई म्हणायचा अन् मला वहिनी. दीर मला वहिनी म्हणायचे, तेच ऐकायचा ना तो." मग जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वाटायचं गं. पण बागेत छाटणीला माणसं उभी असायची, रडत कधी बसणार?"

ती फोन घेऊन नवऱ्याकडे गेली. त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं.

डिसेंबरात ती एकदा येऊन गेली. ३० सप्टेंबरच्या कामातले दोन मोठे क्लायंट तिने ओळखीच्या सीएकडे दिले होते. पैशाचा फटका बसला, आणि तो तिला अजून सलतोय हे तिने लपवलं नाही. सगळ्यांना असं काम सोडणं परवडत नाही, तिलाही दरवर्षी परवडेल का कोण जाणे. एक्सेल शीट बंद झाली होती. बाळ पडलं तर आधी मावशींकडे जातं, झोप आली की हिच्याकडे, आणि जेवायला बापच लागतो, कारण तो पोळीचे तुकडे वरणात नीट कुस्करतो.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. मावशी भाचीच्या लग्नाला ४ दिवस गावी गेल्या होत्या.

"मॅडम, आता हा मावशींसाठी रडतोय. सकाळपासून दाराकडे बघतोय. त्यांना व्हिडिओ कॉल लावून दाखवू का?"

"लावा की," मी म्हटलं.

"मग अजून रडला तर?"

"रडेल. जवळ बसा."

मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यावरून तिचा आवाज, नवऱ्याला विचारणारा : "अहो, मावशींचा नंबर तुमच्याकडे आहे ना? लावा बरं."