भटारखान्यात भाजलेला हात

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. ओल्या फरशीवर पाय घसरून तळणाच्या कढईतील तेल त्याच्या हातावर सांडले. मालकांनी मलमाचे पैसे देऊन त्याला बिनपगारी घरी बसवले आहे. त्याला काही मागता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य. हॉटेलात १० किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि भावाचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तो कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ‘ईएसआय’मध्ये, मोडतो, अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आले नाही, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर त्याला सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी वर्गणी किती महिने भरली ही अट नसते. पगारातून या योजनेच्या वर्गणीची ०.७५ टक्के कपात होत नसली, तरी मालकांची जबाबदारी टळत नाही. हॉटेलच्या अपघात-वहीत नोंद मात्र आजच करवून घ्यावी, कारण ‘घरी भाजला असेल’ हे मालकांचे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे.

भाजल्यावर टूथपेस्ट थापण्याची रीत भटारखान्यांत अजून आहे. त्याऐवजी हात तत्काळ २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बर्फ लावू नये.