टेराफॉर्मने सर्व्हर उभा केला, आता त्यात सॉफ्टवेअर घालायचं कसं?

प्रश्न: नमस्कार, मी टेराफॉर्मने (कोड लिहून सर्व्हर उभारायचं टूल) एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, उबुंटूचे सर्व्हर उभे करतो. त्यावर जावा, एनजिनएक्स आणि आमचं ॲप लागतं. सध्या टेराफॉर्मच्याच रिमोट-एक्झेकने एसएसएच (दुरून लॉगिन) करून इन्स्टॉल करतो, पण ते मध्येच अडकतं. कोणी म्हणतं युजर डेटा (सर्व्हरला बूटसाठी दिलेली स्क्रिप्ट) वापर, कोणी म्हणतं पॅकर या टूलने इमेज (सॉफ्टवेअर आधीच भरलेला सर्व्हरचा साचा) बनव, ऑफिसातला एकजण तर ॲन्सिबलचाच (सर्व्हरचा सेटअप करणारं टूल) धोशा लावून बसलाय. नक्की काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: रिमोट-एक्झेक आधी काढा. टेराफॉर्मवालेच डॉक्युमेंटेशनमध्ये सांगतात की प्रोव्हिजनर (रिमोट-एक्झेक त्यातलाच एक) हा शेवटचा उपाय. त्याला एसएसएच उघडं लागतं, स्क्रिप्ट फेल झाली की सर्व्हर टेंटेड (बिघडलेला) ठरतो आणि पुढच्या अप्लायला (बदल लागू करताना) टेराफॉर्म तो पाडून नवा बांधायला निघतं. शिवाय उद्या ऑटोस्केलिंग (लोडप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणं) लावलंत तर रात्री दोनला आपोआप उठलेल्या सर्व्हरसाठी टेराफॉर्म चालतच नाही, मग इन्स्टॉल करणार कोण?

युजर डेटा बरा, कारण क्लाउड-इनिट (बूटला सेटअप करणारा प्रोग्रॅम) तो सर्व्हरच्या आतच चालवतं. पण मर्यादा 16 केबी, नेहमीच्या सेटिंगला स्क्रिप्ट फक्त पहिल्या बूटला चालते, आणि टेराफॉर्म ‘झालं’ म्हणतं तेव्हा आत इन्स्टॉल चालूच असू शकतं. सगळं तिथेच इन्स्टॉल करणं म्हणजे पंगत बसल्यावर गहू दळायला पाठवणं, लोड वाढलाय म्हणून सर्व्हर आला आणि तो अजून एपीटीवरून जावा ओढतोय! (पासवर्ड मात्र युजर डेटात अजिबात टाकू नका, तो सर्व्हरवरून मेटाडेटातून (सर्व्हरला स्वतःबद्दलची माहिती देणारी सेवा) सरळ वाचता येतो.)

म्हणून माझं मत, जावा, एनजिनएक्ससारखं जड आणि क्वचित बदलणारं सामान पॅकरने इमेजमध्ये भरा, आणि युजर डेटात चार ओळी ठेवा, म्हणजे एन्व्हायर्नमेंट कुठलं, कॉन्फिग कुठून घ्यायचं आणि सर्व्हिस स्टार्ट, बस. ॲप रोज बदलत असेल तर तेही बूटला एसथ्रीवरून (ॲमेझॉनचं फाइल साठवायचं ठिकाण) ओढा, रोज इमेज कोण बनवत बसणार. इमेज शिळी होते हे खरं, सिक्युरिटी पॅचसाठी ती सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) ठरवून पुन्हा बनवावी लागते, तेवढा उद्योग अंगावर घ्यायची तयारी हवी.

ॲन्सिबलवाल्याशी भांडू नका, पॅकरच्या आत ॲन्सिबल चालतं, त्याचीच प्लेबुक (ॲन्सिबलची सूचनांची फाइल) वापरा. आणि वर्षानुवर्षं चालणारे दोनच सर्व्हर असतील तर पॅकर सोडाच, थोडा युजर डेटा आणि वर त्याची प्लेबुक, एवढ्यात काम होतं. आणि हो, बूटला काही फसलं तर व्हार-लॉगमधली क्लाउड-इनिट-आउटपुट फाइल आधी उघडा, बहुतेक वेळा एरर तिथेच सापडते.